तिव्याचं इंजेक्शन

“पाच लाख माणसं मेली म्हणतेस. त्यातलं एक नाव सांग.”

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मी छापून आणलेली पानं माझ्याकडे परत ढकलली. नाशिकच्या त्यांच्या घरी गच्चीवर आम्ही बसलो होतो. मामा गुरांचे डॉक्टर. १९८६ साली नोकरीला लागले आणि एकतीस वर्षं पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या डोंगरी तालुक्यांत फिरले. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पानं होती इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या लेखाची. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यांचं म्हणणं असं, की भारतातली गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे एक लाख, म्हणजे एकूण पाच लाखांच्या आसपास माणसं जास्तीची मेली. गिधाडं मेली ती डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने. ते औषध गुरांना टोचणाऱ्या हजारो डॉक्टरांपैकी माझे मामा एक.

मला हा विषय त्यांच्याशी काढायचाच होता, आणि काढायची भीतीही वाटत होती.

“नाव नाही सांगता येणार मामा,” मी म्हटलं. “हे मृत्यू जिल्ह्याच्या आकड्यांत दिसतात, घरात दिसत नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर ‘गावात गिधाडं उरली नव्हती’ असं कारण कुणी लिहीत नाही.”

“मग तुमच्या लोकांना कुठून कळलं?”

“गिधाडं देशभर सारखी नव्हती. काही जिल्हे त्यांना मानवणारे होते, काही नव्हते. या दोघांनी पक्ष्यांच्या वावराचे नकाशे घेतले आणि सहाशेहून जास्त जिल्ह्यांची अशी विभागणी केली. १९९४च्या आधी दोन्हीकडचा मृत्युदर एकमेकांच्या सोबतीने चालत होता. गुरांसाठी स्वस्त डायक्लोफेनॅक बाजारात आलं, गिधाडं मरायला लागली, आणि तिथून दोन्ही रेषा वेगळ्या झाल्या. जिथे गिधाडं नांदत होती तिथला मृत्युदर सरासरी चार टक्क्यांहून जास्त वर गेला.”

“१९९४!” मामा हसले नाहीत, पण त्यांना पकड सापडली होती. “त्या वर्षी काय काय झालं ते तुला आठवायचं नाही, तू लहान होतीस. बीडजवळ मामला गावात प्लेग निघाला. मग सुरतेत. लोक रेल्वे भरभरून पळाले. त्याच्या तीन वर्षं आधी देशाचं सगळं अर्थकारण उलटंपालटं झालं होतं. त्या दशकात शहरं फुगली, कचरा वाढला, दवाखाने पुरेनात. यातलं काय गिधाडांच्या खात्यावर लिहायचं आणि काय दुसऱ्या कुणाच्या?”

हा आक्षेप खोटा नाही. माझ्या वर्गातली हुशार मुलं हाच घेतात. पण त्याचं उत्तर त्या लेखात आहे आणि ते मला पटलेलं आहे. प्लेग आला आणि गेला, इथला फरक मात्र वर्षानुवर्षं वाढत राहिला. उदारीकरण सगळ्या देशाला लागू होतं, ते गिधाडांचे जिल्हे निवडून आलं नव्हतं. शिवाय फरक सगळ्यात मोठा कुठे दिसतो? ज्या शहरी भागांत गुरं भरपूर, तिथे. म्हणजे जिथे शहराच्या वेशीवर रोज मेलेली जनावरं आणून टाकतात आणि पलीकडे दाट वस्ती असते, नेमकं तिथे. त्याच जिल्ह्यांत भटकी कुत्री जास्त, रेबीजच्या लशीची विक्री वाढलेली, पाण्याची तपासणी केली तर ते जास्त दूषित. प्लेग किंवा आर्थिक धोरण ही साखळी कडीला कडी लावून जुळवू शकत नाही. हे मी मामांना सांगितलं, जरा जास्तच जोरात सांगितलं.

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “तुझ्याकडे पाच लाखांतलं एकही नाव नाही. माझ्याकडे आहे एक. सर्जा.”

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा बैल. आवणीचे दिवस होते. भाताची रोपं तयार, खाचरात पाणी साठलेलं, चिखलणी अर्धी झालेली, आणि जोडीतला एक बैल तिव्याने बसलेला. तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप, पावसाळ्यात डासचिलटांमुळे पसरतो. अंग फणफणतं, सांधे धरतात, जनावर एका पायावर लंगडतं, मग दुसऱ्यावर, मग बसतं ते उठत नाही. तीन दिवसांत आपोआप बरं होतं असं पुस्तक सांगतं. पण आवणी तीन दिवस थांबत नाही. पाऊस उघडला तर खाचर आटतं. भाड्याचा बैल मिळत नाही, कारण सगळ्यांचीच आवणी चालू असते.

“त्याच्या आधी आमच्याकडे ॲनाल्जिन होतं. द्यायचो, पण म्हणावा तसा गुण नव्हता. मग डायक्लोफेनॅक आलं. मी सकाळी सुई दिली आणि संध्याकाळी बैल उभा राहून वैरण खात होता. घरातली म्हातारी माझ्या पाया पडायला आली. मी तिला धरलं. असे किती सर्जे उभे केले असतील मी? तुझ्या लेखात ते मोजलेत का? किती घरांची आवणी वाचली, किती पोरं उपाशी झोपायची राहिली, याची रेषा काढली का त्यांनी?”

“नाही काढली.”

“मग तुझा हिशेब एका बाजूचा.”

खरं सांगायचं तर हे मला तोवर सुचलं नव्हतं. औषधाने वाचवलेल्या बैलांचा जमाखर्च कुणी मांडलेला मी वाचलेला नाही. पण त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे एक होतं, आणि ते मामांच्याच बाजूचं होतं. गिधाडं संपायला प्रत्येक बैलाला सुई द्यावी लागली नाही. केंब्रिजच्या रीस ग्रीन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हिशेब करून दाखवला, की मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत घातक प्रमाणात डायक्लोफेनॅक असलं तरी गिधाडांची एवढी पडझड होऊ शकते. गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एका मढ्यावर पन्नास, कधी शंभर उतरतात. पाऊण तासात बैलाचा सांगाडा उरतो. एकात विष असलं की सगळी पंगत बाधते. “म्हणजे तुमचा सर्जा उठला, नांगराला जुंपला गेला, त्याच्या अंगातून औषध निघून गेलं. त्याचा गिधाडांशी संबंधच आला नाही. प्रश्न होता सुई दिल्यावर दोन-चार दिवसांत मेलेल्या जनावरांचा.”

मामा बराच वेळ गप्प राहिले. खालून मामीने चहासाठी हाक मारली, तीही त्यांनी ऐकली नसावी.

“ती सुईसुद्धा मीच द्यायचो,” ते म्हणाले. “जनावर हातचं गेलेलं असायचं. पोट फुगलेलं, नाहीतर आडवं वेत, नाहीतर कड्यावरून पडून कणा मोडलेला. शेतकरी म्हणायचा, डॉक्टर, जगणार नाही ते दिसतंय मला, पण तिला दुखू नये असं काहीतरी द्या. गाईला मरण द्या असं कुणी म्हणत नाही आपल्याकडे. मी म्हणायचो, ठीक आहे. डायक्लोफेनॅक भरायचो. गाय जरा शांत व्हायची, पहाटे जायची. आणि सकाळी तिला बैलगाडीत घालून ढोरं टाकायच्या माळावर नेऊन टाकायचे.”

त्यानंतर मी काही बोलले नाही. या सगळ्या प्रकरणावर मी जे काही वाचलं आहे त्यात हे वाक्य कुठे नव्हतं. शंभरातलं ते एक जनावर कोणतं, याचं उत्तर आकड्यांनी दिलं नाही. ते मामांनी दिलं. दयेपोटी दिलेली शेवटची सुई गिधाडांच्या पोटात जात होती.

चहा झाल्यावर मामांना पुन्हा जोर आला. ते म्हणाले, “पुरावा म्हणजे काय ते मी तुला सांगतो.” आणि २००४ सालची गोष्ट त्यांनी अशी सांगितली, जशी आपल्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याची सांगावी.

राजस्थानातल्या भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांच्या घरट्यांची नोंद ठेवत होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून त्यांना झाडांखाली मेलेले पक्षी सापडू लागले, घरटी ओस पडू लागली. माना खाली लोंबकळत बसलेली गिधाडं दिसायची. आधी वाटलं उपासमार, मग कीटकनाशक, मग एखादा विषाणू. “आम्ही सगळे एंडोसल्फान नाहीतर डीडीटी म्हणत बसलो होतो,” मामा म्हणाले. उत्तर मिळालं पाकिस्तानच्या पंजाबात. लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुवैद्यक तिथे मेलेली गिधाडं उघडून पाहत होते. आत काळीज, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर.

“पक्षी आपल्यासारखं मुततात का? नाही. त्यांच्या रक्तातला नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन बाहेर पडतो. मूत्रपिंड बंद पडलं की ते युरिक ॲसिड आतच साचतं, खडे होऊन अवयवांवर बसतं. तो पांढरा थर म्हणजे मूत्रपिंड निकामी झाल्याची खूण. आता मूत्रपिंड कशाने गेलं? विषाणू तपासले, जिवाणू तपासले, शिसं, कीटकनाशकं, सगळं तपासलं. काही नाही. मग त्या माणसाने वेगळा प्रश्न विचारला. ही गिधाडं खातात काय? गुरं. मग गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधाच्या दुकानांत जाऊन यादी करा, गुरांना काय काय टोचतात. त्यात मूत्रपिंडाला अपायकारक आणि पोटातून रक्तात उतरणारं असं एकच औषध निघालं.” मामा थांबले. “आमची यादी. आमच्या पिशवीतली.”

मग तपासणी झाली. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणाने मेलेल्या तेरा गिधाडांपैकी एकातही नाही. ‘नेचर’ने ते २००४च्या सुरुवातीला छापलं.

“पंचवीसपैकी पंचवीस, तेरापैकी शून्य,” मामा म्हणाले. “हे वाचलं आणि त्या दिवसापासून मी डायक्लोफेनॅक भरलं नाही. बंदीची वाट पाहिली नाही. मला कुणी पाच लाख सांगितले नव्हते. पोट फाडून दाखवलं, मला दिसलं, मी थांबलो. तुझे लोक वीस वर्षांनी येतात आणि सांगतात, गिधाड गेल्यामुळे वर्षाला ६९ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. बैलाची किंमत मला कळते, बाजारात लागते ती. गिधाडाची किंमत माणसाच्या मढ्यांत मोजायची ही कुठली रीत? समजा उद्या तुझ्याच एखाद्या विद्यार्थ्याने काढलं, की ट्रक आणि जेसीबी लावून मेलेली गुरं उचलणं यापेक्षा स्वस्त पडतं. मग गिधाडं मरू द्यायची?”

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मामांचा प्रश्न पैशाच्या हिशेबाच्या मर्मावर बसतो. जे फक्त उपयोगासाठी राखलं, ते उपयोग संपला की टाकून देता येतं. पण म्हणून हिशेब मांडूच नये, हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण मी त्यांना त्यांच्याच खात्याच्या भाषेत सांगितलं.

“तुम्ही थांबलात मामा. बाकीचे थांबले का? मे २००६ मध्ये गुरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. २००७ ते २०१० या काळात अकरा राज्यांतल्या अडीचशेहून जास्त औषध दुकानांत गुरांसाठी वेदनाशामक मागून पाहिलं, तर छत्तीस टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक मिळालं.”

“माणसांच्या तीस मिलीच्या कुप्या,” मामा म्हणाले. “माणसाला तीन मिली लागतं. तीसची कुपी कुणासाठी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.”

“ती तीन मिलीवर आणायला २०१५ उजाडलं. आणि बाकीची औषधं? ॲसिक्लोफेनॅक?”

“ते गाईच्या अंगात गेलं की डायक्लोफेनॅकच होतं.”

“हे २०१६ मध्ये गुरांवर प्रयोग करून दाखवलं गेलं. बंदी आली २०२३च्या जुलैमध्ये. केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे त्याच्याही आधी माहीत होतं, त्याच्यावरची बंदीही तेव्हाच. निमेसुलाइडवरची डिसेंबर २०२४ मध्ये. तुमचा पंचवीसपैकी पंचवीसचा पुरावा २००४ पासून टेबलावर आहे. तरी एकाच कुळातल्या पुढच्या तीन औषधांना वीस वर्षं लागली. का? कारण फाइलवर गिधाडाच्या समोर आकडा नव्हता. दुसऱ्या बाजूला होता. किती कुप्या विकल्या जातात, किती रोजगार आहे, शेतकऱ्याला किती स्वस्त पडतं. जिथे एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला कळवळा असतो, तिथे कळवळा शून्य म्हणून धरला जातो. पाच लाखांचा आकडा त्या शून्याच्या जागी लिहायचा आहे. शेवटचा शब्द म्हणून नाही.”

मामांनी नकारार्थी मान हलवली. पटलं नाही. पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते माझ्याच बाजूला जाणारं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि तरी त्यांनी सांगितलं.

२००२च्या सुमाराला त्र्यंबक तालुक्यात त्यांनी एक पिसाळलेली गाय तपासली. तोंडातून लाळ गळत होती, हंबरडा थांबत नव्हता. घशात काही अडकलं असेल म्हणून त्यांनी हात घातला, बोटाला चरे पडले. गाय दोन दिवसांत मेली. गावाबाहेरच्या माळावर कुत्र्यांची टोळी असायची, त्यांतल्या एकाने तिला महिनाभरापूर्वी चावलं होतं. मामांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतली, त्या काळी तीच लस सरकारी दवाखान्यात मिळायची. मामी तेव्हा आठवडाभर नीट जेवली नव्हती, हे मला आईने सांगितलेलं आठवतं.

“मी नोकरीला लागलो तेव्हा त्या माळावर कुत्री नव्हती असं नाही,” मामा म्हणाले. “चार-दोन असायची, कडेला. मढं पडलं की गिधाडं अंजनेरीच्या कड्यावरून घिरट्या घालत यायची. शंभर गिधाडांत कुत्र्याला कुठला घास मिळणार? दुपारपर्यंत हाडं स्वच्छ. हाडं गोळा करणारे येऊन घेऊन जायचे. पुढे गिधाडं यायची बंद झाली आणि मढं चार-चार दिवस सडत पडायचं. कुत्री त्यावर वाढली. पिल्लं जगू लागली. ओढ्याला पाणी यायचं ते त्या माळावरूनच.”

ते ढोरं टाकायचं ठिकाण कोण सांभाळायचं, हा प्रश्न मी विचारला, कारण तो टाळून हा विषय पुरा होत नाही. मेलेलं जनावर ओढणं आणि सोलणं हे काम आपल्या गावांनी काही जातींवर लादलं होतं. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून महार समाजाने ते टाकलं, आणि त्यात गावाचं काही नुकसान झालं असेल तर ते गावाने सोसायलाच हवं होतं. मामाही तेच म्हणाले. “ते सुटलं ते चांगलंच झालं. पण त्याच्या जागी गावाने काही उभं केलं नाही. पंचायतीने खड्डा खणला नाही, चुना आणला नाही. वरून गिधाडं येत होती म्हणून भागत होतं. फुकटात, कुणालाही हलकं न लेखता.” मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांसाठी ठेवणाऱ्या पारशी समाजावर हीच वेळ आली. गिधाडं येईनात, तेव्हा त्यांनी सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रणेचा उपाय करून पाहिला.

संध्याकाळ होत आली होती. आता आमच्यात खरा मतभेद कुठे उरला आहे ते दोघांनाही दिसू लागलं होतं. झालं ते झालं. पुढच्या औषधाचं काय?

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी मामांपुढे ठेवलं. गुरांसाठी नवं वेदनाशामक बाजारात आणायचं असेल तर ते गिधाडांना मारत नाही हे कंपनीने आधी दाखवावं. आज चालतं ते उलट. औषध आधी विकलं जातं, पक्षी मरतात, कुणीतरी मढी गोळा करतं, प्रयोगशाळा शोधते, मग दहा वर्षांनी बंदी येते. लांब चोचीच्या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. असा पक्षी दहा वर्षं उशिराने आलेली बंदी सोसू शकत नाही.

“बोलायला सोपं आहे,” मामा म्हणाले. “चाचणी कशावर करणार? पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारात एक उरली. उरलेल्यांतल्या एखाद्याला पकडून औषध पाजून मारणार?”

“हिमालयी गिधाडांवर करतात. त्यांची संख्या अजून त्या मानाने बरी आहे. मेलॉक्सिकॅमची चाचणी आधी दक्षिण आफ्रिकेतल्या गिधाडांवर केली, मग इथल्या. तेव्हा कळलं की ते निर्धोक आहे. पुढे टोल्फेनॅमिक ॲसिडही निर्धोक ठरलं. म्हणजे दोन औषधं हातात आहेत.”

“आहेत. आणि मी वापरली आहेत. मेलॉक्सिकॅम चांगलं औषध आहे, मी दहा वर्षं दिलं. पण शेतकऱ्याला गुण दुपारपर्यंत दिसायला हवा असतो, नाहीतर तो पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. तो दुसरा जे देईल ते घेतो. तू उद्या नियम केलास की नव्या औषधाला पाच वर्षं चाचणी, तर कंपनी म्हणेल आम्हाला गुरांचा धंदाच नको. मग माझ्यासारख्याने तिव्याच्या बैलाला काय द्यायचं? पाड्यावरच्या माणसाने किती वाट पाहायची? पक्ष्याचा कळवळा शहरात बसून येतो गं.”

हे शेवटचं वाक्य मला लागलं. पण त्यातला शेतकरी खरा आहे, म्हणून मी ते गिळलं आणि उत्तर दिलं. शेतकऱ्याला आणि गिधाडाला एकमेकांसमोर उभं करणं हीच चूक आहे. पिसाळलेलं कुत्रं पाड्यावर येतं, माझ्या सोसायटीत नंतर. सडलेल्या मढ्याचं पाणी पाड्याच्या ओढ्यात उतरतं. त्या पाच लाखांत शहराच्या कडेला, गुरांच्या गोठ्यांशेजारी राहणारी गरीब माणसंच जास्त असणार. औषधाची चाचणी गिधाडावर केली तर तिचा फायदा पहिला त्या माणसाला आहे. आणि चाचणीला पाच वर्षं लागावीत असं काही नाही. एका औषधाला नकार द्यायला थोडे पक्षी आणि थोडे आठवडे पुरतात. २००४ साली जे पंचवीस आणि तेरा पक्ष्यांत दिसलं, ते १९९३ साली कुणी पाहिलं असतं तर काय झालं असतं?

“१९९३ साली कुणाला सुचलं नसतं,” मामा म्हणाले. “औषध गाईसाठी होतं. गाईला ते सोसत होतं. गाय मेल्यावर तिला कोण खातं, हा प्रश्न पशुवैद्यकाच्या पुस्तकात कुठे होता?”

“आता आहे?”

“आता असायला हवा,” ते म्हणाले. एवढं त्यांनी मान्य केलं. पैशाच्या हिशेबाबद्दल ते आजही माझ्याशी सहमत नाहीत, आणि चाचणीच्या नियमाने छोट्या गावांत औषधटंचाई येईल ही त्यांची भीतीही गेलेली नाही.

मी त्यांना स्पेनची गोष्ट सांगितली. भारतात एवढं सगळं होऊन गेल्यावर, सगळं छापून आल्यावर, स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. २०२० साली कॅटलोनियात एक काळं गिधाड मेलेलं सापडलं, आत डायक्लोफेनॅक. मामांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला राजस्थानची आठवण करून दिली. बिकानेरजवळ जोरबीडला जनावरं टाकायची मोठी जागा आहे, तिथे मेलेल्या दोन गवताळ प्रदेशातल्या गरुडांतही हेच औषध सापडलं होतं. म्हणजे हे फक्त गिधाडांपुरतं नाही.

आपल्या देशात ऐंशीच्या दशकात चार कोटी गिधाडं असावीत असा अंदाज केला जातो. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी ९९.९ टक्के गेली, लांब आणि बारीक चोचीच्या गिधाडांपैकी ९७ टक्क्यांच्या आसपास. २०१५च्या गणनेत पहिली सुमारे सहा हजार, दुसरी बारा हजार आणि तिसरी एक हजार असावीत असा अंदाज निघाला. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात त्यांची वीण केली जाते. जानेवारी २०२४ मध्ये तिथून काही पक्षी आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणले गेले. रायगडमध्ये म्हसळ्याजवळ चिरगाव या गावाने आपल्या परिसरातली घरटी जपली. अंजनेरीच्या कड्यावर अजून लांब चोचीची गिधाडं राहतात. मामा दर हिवाळ्यात जाऊन मोजतात. त्यांच्या जुन्या डायरीत, जिथे पूर्वी औषधांचा साठा लिहायचे, तिथे आता तेवढाच एक आकडा असतो.

निघताना मी त्यांना म्हटलं, यावर लिहिणार आहे. ते म्हणाले, तुझे डॉलर लिही, तुझी मर्जी. पण माझं एवढं त्यात घाल. जसं त्यांनी सांगितलं तसंच देते आहे.

गुराला वेदनाशामक द्यायचं असेल तर मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड मागा, आणि कुपीवरचं नाव स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या छोट्या कुप्या चार-पाच एकत्र करून कुणी देत असेल तर घेऊ नका. जनावराला कुठलंही वेदनाशामक दिलं आणि ते आठवड्याच्या आत मेलं, तर त्याला माळावर टाकू नका. खोल खड्डा खणा, चुना घाला आणि पुरा.